पांढरं तीन प्रकारचं: पावसाळ्यात फसलेला क्लिअर कोट आणि मामाचं मिग

रविवार, १३ जुलै २०२५, दुपारचे साडेबारा. टेबलावर मिग-२१ या लढाऊ विमानाचं १:४८ मापाचं प्लास्टिक मॉडेल होतं आणि ते पांढुरकं पडलं होतं. डाव्या पंखावर तांदळाचं पीठ भुरभुरल्यासारखं दिसत होतं, पण बोट फिरवलं तर बोटाला काही लागत नव्हतं. शेपटीचा उभा पंख, म्हणजे फिन, थंडीत खिडकीच्या काचेवर वाफ धरावी तसा धूसर झाला होता. आणि नाकाजवळच्या क्रमांकात, आकड्यांच्या मधल्या जागेत, चंदेरी डाग होते. समोरून बघितलं तर ते दिसत नव्हते, मॉडेल जरा कललं की चमकायचे. साडेदहाला मॅट क्लिअरचा, म्हणजे चमक मारणाऱ्या पारदर्शक वार्निशचा, शेवटचा हात मारला तेव्हा यातलं काहीच माझ्या लक्षात आलं नव्हतं.

हे सगळं एकाच चुकीमुळे झालं, असं मी धरून चालले आणि त्यात दोन दिवस घालवले. प्रत्यक्षात ते तीन वेगळे दोष होते आणि तीन वेगळ्या थरांत बसले होते. एकाचा उपाय दुसऱ्यावर केला असता तर मॉडेल हातचं गेलं असतं. आपल्याकडे प्लास्टिक मॉडेल करणाऱ्यांना जून ते सप्टेंबर या काळात यातला निदान एक दोष तरी भेटतोच. म्हणून हे प्रकरण झालं तसं सविस्तर मांडते आहे.

विमान कुणाचं

माझा मामा ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये फिटर होता. मिग-२१ भारतात बांधायचं ठरल्यावर १९६४ मध्ये नाशिकजवळ ओझरला हा कारखाना उभा राहिला. इंजिनं ओडिशातल्या कोरापूटहून यायची, इलेक्ट्रॉनिक सामग्री हैदराबादहून, आणि सांगाडा ओझरला आकार घ्यायचा. तिथं बांधलेला पहिला प्रकार मिग-२१ एफएल. कारखान्यातली माणसं त्याला आजही ‘टाइप ७७’ म्हणतात. मामा ऐन तारुण्यात तिथं लागला आणि त्याच्या हातांची पहिली ओळख झाली ती याच विमानाशी. एफएलची शेवटची विमानं ११ डिसेंबर २०१३ ला कलाईकुंड्याला निवृत्त झाली, तेव्हा त्यानं टीव्हीसमोर बसून तो सगळा कार्यक्रम एकही शब्द न बोलता बघितला होता. आता २६ सप्टेंबरला चंदीगडला उरलेली सगळी मिग-२१ निवृत्त होणार होती. त्याच्या आधी, ऑगस्टच्या तिसऱ्या रविवारी, मामाचं सहस्रचंद्रदर्शन होतं. शाल, श्रीफळ आणि चांदीची वाटी द्यायला बाकीचे नातेवाईक होते. मला त्याला टाइप ७७ द्यायचं होतं.

एफएल आधी नुसत्या चकचकीत धातूच्या रंगात उडत. १९७१ च्या युद्धाच्या सुमारास त्यांच्यावर रंग चढले. मी तेच रूप निवडलं. वरून गडद हिरवा आणि मातकट तपकिरी, पोट चंदेरीच. १:४८ मध्ये या विमानाचा पंखांचा पसारा जेमतेम १५ सेंटिमीटर होतो, दोन्ही तळव्यांत मावेल एवढा. इतक्या लहान, गडद पृष्ठभागावर पांढरेपणाचा एक ठिपकासुद्धा लपत नाही. हेच विमान वाळवंटी पिवळसर रंगात असतं, तर निम्मं प्रकरण माझ्या लक्षातही आलं नसतं.

पाऊस ओसरायची वाट बघणं शक्य नव्हतं. सोहळ्याचा दिवस ठरलेला होता.

थर कसे चढले

या छंदात नवीन असणाऱ्यांसाठी थोडं थांबते. रंग झाल्यावर मॉडेलवर आधी चकचकीत, म्हणजे ग्लॉस, क्लिअर मारतात, कारण डीकल, म्हणजे पातळ पापुद्र्यावर छापलेली, पाण्यानं चिकटवायची चिन्हं आणि आकडे, गुळगुळीत पृष्ठभागावरच नीट बसतात. डीकल वाळले की त्यांच्यावर पुन्हा ग्लॉसचा पातळ थर देतात, म्हणजे पॅनेल लाइनमध्ये, पत्र्यांच्या जोडरेषांत, वॉश (पातळ गडद रंग) सोडताना त्यांना इजा होत नाही. शेवटी मॅट किंवा सेमी-ग्लॉस. खरं विमान इतकं छोटं होऊन हातात आलं, तर त्याची चमकही तेवढीच उतरलेली हवी, म्हणून ही सगळी खटपट.

माझा क्रम असा झाला. रविवारी ६ जुलैला, आषाढी एकादशीला, पहिला ग्लॉस. सोमवार ते शुक्रवार रोज रात्री थोडे थोडे डीकल. शनिवारी १२ जुलैला रात्री डीकलवरचा ग्लॉस, आणि रविवारी सकाळी मॅट. चंदेरी पोटावर मी क्लिअर मारलाच नाही. धातूच्या रंगातल्या कणांवर क्लिअरचा थर बसला की धातूपणा उतरतो आणि नुसता राखाडी रंग उरतो. तेवढा एक निर्णय मी बरोबर घेतला होता.

तिन्ही वेळा मी अ‍ॅक्रिलिक क्लिअरच वापरलं, पण ‘अ‍ॅक्रिलिक’ या शब्दानं आपल्याकडे फार गोंधळ होतो. अ‍ॅक्रिलिक हे आतल्या रेझिनचं नाव आहे, ते कशात मिसळलंय त्याचं नव्हे. वालेहोसारख्या कंपन्यांचे क्लिअर पाण्यावर चालतात. रेझिनचे बारीक कण पाण्यात तरंगत असतात, पाणी उडालं की ते एकमेकांना चिकटून त्यांचा पापुद्रा होतो, आणि तो एकदा पक्का झाला की पाण्यानं परत विरघळत नाही. तामियाचा एक्स-२२ अल्कोहोलवाल्या घराण्यातला. तो अल्कोहोलनं पातळ होतो आणि लॅकर थिनरनंही होतो, आणि बरेच जण मुद्दाम लॅकर थिनरच वापरतात कारण थर जास्त सपाट बसतो. तामियाचाच एलपी-९ किंवा मिस्टर कलरचे क्लिअर हे सरळ लॅकर. त्यांच्यात अ‍ॅक्रिलिक रेझिन तीव्र द्रावकात विरघळलेलं असतं आणि ते नंतरही त्याच द्रावकानं परत विरघळतं. लॅकर थिनरनं परत मऊ होण्याचा हा गुण एक्स-२२ च्या घराण्यातही असतो, आणि तोच पुढे माझ्या फार उपयोगी पडला.

अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये जुने मॉडेलवाले फरशीचं पॉलिश वापरत. एस. सी. जॉन्सनचं अ‍ॅक्रिलिक पॉलिश अमेरिकेत ‘फ्यूचर’ आणि ब्रिटनमध्ये ‘क्लीअर’ नावानं विकलं जायचं. त्यात कॉकपिटची पारदर्शक काच बुडवून काढली की ओरखडे भरून यायचे आणि काच नव्यासारखी व्हायची. आता ते बाजारातून गेलं. मी त्याच्या आठवणी वाचूनच वाढले.

मी तिन्ही थरांत एक्स-२२ च्या, अल्कोहोलवाल्या घराण्यातला क्लिअर आणि झटपट उडणारा साधा लॅकर थिनर वापरला होता. प्रमाण एकास एक, आणि एअरब्रश, म्हणजे दाबलेल्या हवेनं रंग फवारणारी छोटी पिचकारी, १५ पीएसआय दाबावर. हिवाळ्यात याच मिश्रणानं मी कितीतरी मॉडेलं केली आहेत आणि कधी तक्रार आली नाही. शनिवारी रात्री मी स्वयंपाकघराशेजारच्या छोट्या खोलीत बसले होते, बाहेर ठाण्यातला जुलैचा पाऊस धो धो कोसळत होता. भिंतीवरच्या घड्याळात तापमान आणि आर्द्रता दोन्ही दिसतात. २७ अंश, ८५ टक्के. मी फक्त वेळ बघितली होती.

दोन दिवसांची चुकीची दिशा

रविवारी दुपारी मला वाटलं, दोष मॅटचाच. मॅट क्लिअरमध्ये सिलिकाची फार बारीक पूड असते. थर आकसताना हे कण पृष्ठभागावर डोकं वर काढतात, प्रकाश इकडे तिकडे फेकतात आणि चमक जाते. पूड जास्त झाली की मॅटचं पांढरं होतं. म्हणूनच तामियाची एक्स-२१ ही बाटली नुसती फवारायची नसते. तिच्यात रंगात किंवा क्लिअरमध्ये मिसळायचं, पुडीनं दाट असं द्रव्य असतं, आणि दरवर्षी कुणीतरी तिला तयार मॅट क्लिअर समजून मॉडेलवर मारतं.

मॅट बिघडला असेल तर त्यावर ग्लॉस मारायचा, हा ठरलेला उपाय. ग्लॉस खाचाखोचांत भरतो, पृष्ठभाग परत सपाट होतो आणि खालचा रंग दिसायला लागतो. मी सोमवारी रात्री फिनच्या एका कोपऱ्यावर ग्लॉस मारून बघितला. कोपरा चकचकीत झाला आणि तितकाच पांढरा राहिला. मी दुसरा हात मारला. तरी पांढरा. तेव्हा खरी घाबरले.

त्याच रात्री मामाचा फोन आला. सोहळ्याच्या जेवणाचं विचारायला केला होता, पण माझा आवाज ऐकून त्यानं विचारलंच.

“काय गं, विमान कुठवर आलं?”

“मामा, बिघडलंय. पांढरं पडलंय सगळं.”

“सगळं म्हणजे? एकसारखं सगळीकडे?”

मी बघून सांगितलं, पंखावर पिठासारखं, फिनवर धुक्यासारखं, आणि नंबरात चांदीसारखं.

“अगं मग ते एक कसं असेल? तीन जागी तीन तऱ्हा, म्हणजे कारणं तीन. आणि फिन मारलास तेव्हा पाऊस होता का?”

चाळीस वर्षं यंत्रावर हात टाकलेल्या माणसाचे हे दोनच प्रश्न. फोन ठेवला आणि मी पहिल्यांदा कुठलीही बाटली न उघडता मॉडेलकडे बघत बसले.

ओल्या ब्रशची परीक्षा

पांढरं दिसतं म्हणजे प्रकाश कुठेतरी विखुरतोय. तो थराच्या वर विखुरतोय, थरात विखुरतोय की थराच्या खाली, हे कळलं की अर्धं काम झालं. आणि ते कळायला एक मऊ ब्रश आणि थेंबभर पाणी पुरतं.

वाळलेल्या अ‍ॅक्रिलिकचा अपवर्तनांक सुमारे १.४९, हवेचा १, पाण्याचा १.३३. खडबडीत पृष्ठभागावर हवा आणि अ‍ॅक्रिलिक यांच्यात फरक मोठा, म्हणून प्रकाश फार विखुरतो. त्या खाचांत पाणी भरलं की फरक कमी होतो आणि पांढरेपणा जवळजवळ नाहीसा होतो. ओला रस्ता किंवा ओली फरशी गडद दिसते तेही याचमुळे. पण दोष थराच्या आत किंवा खाली असेल तर वरून पाणी लावून फरक पडत नाही.

डाव्या पंखावर ओला ब्रश फिरवला आणि तेवढ्या पट्ट्यात हिरवा रंग खोल, स्वच्छ उठून आला. पाणी वाळलं, पीठ परत आलं. म्हणजे दोष वरचा, मॅटचाच. फिनवर पाणी लावलं, पांढरं हललं नाही. म्हणजे दोष आतला. क्रमांकावर पाणी लावलं, चंदेरी डाग जिथल्या तिथं. टॉर्च तिरका धरला तर ते डाग डीकलच्या पापुद्र्याखाली, त्याच्या कडांच्या आतच होते. म्हणजे दोष सगळ्यात खालचा.

पंखावरचं कारण लगेच सापडलं. मॅटची बाटली संपत आली होती. मी ती दोन-चारदा हलवून वरचा भाग उजव्या पंखावर आणि अंगावर वापरला, आणि तळाशी साचलेला दाट गाळ शेवटच्या कपात ओतून डाव्या पंखावर. तोही जवळून, ओला. पूड पॅनेल लाइनमध्ये साचून तिथं पांढऱ्या रेघा दिसत होत्या.

क्रमांकाचं कारण आठ दिवस जुनं. डीकलखाली हवा अडकली की ती चंदेरी दिसते. एकादशीला नाकावर ग्लॉस मारताना एअरब्रश मध्येच अडला होता आणि नाकाचा तो भाग नीट भिजलाच नव्हता. खाली रंगाचा खरखरीतपणा तसाच राहिला. छापलेल्या आकड्यांखाली हवा असली तरी आकडे अपारदर्शक असल्यानं दिसत नाही. आकड्यांच्या मधल्या मोकळ्या पारदर्शक पापुद्र्यात मात्र ती लपत नाही. पंखांवरची वायुदलाची गोल चिन्हं यातून का सुटली हे त्यावरून कळलं. त्यांच्यात मोकळी जागाच नसते, कडेपर्यंत रंग असतो.

फिनचं पांढरं

फिनवरचा दोष मला सगळ्यात जास्त शिकवून गेला, म्हणून त्यावर थोडं जास्त लिहिते.

थिनर उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन उडतो. सॅनिटायझर हातावर थंड लागतो, तसंच. थिनर जितका झटपट उडणारा तितका पृष्ठभाग जास्त थंड. आता २७ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेला दवबिंदू साधारण २४ अंश असतो. म्हणजे ओला थर तीन अंशांनी थंड झाला की हवेतलं पाणी त्याच्यावर दव होऊन बसणार. हे दव अजून न वाळलेल्या क्लिअरमध्ये शिरतं, पाण्यात रेझिन विरघळत नाही म्हणून ते गढूळ होऊन बाहेर पडतं, आणि पाणी उडून गेल्यावर थरात असंख्य बारीक पोकळ्या उरतात. तेच ते पांढरं. याला ब्लशिंग म्हणतात. हे फक्त मॉडेलचं दुखणं नाही. पावसाळ्यात फर्निचरला पॉलिश करणाऱ्याला विचारा, लॅकर पांढरं पडतं म्हणून तो थिनरमध्ये रिटार्डर, म्हणजे उडणं मंदावणारं द्रव्य, घालतो.

फिन मी सगळ्यात शेवटी मारला होता. तोवर कॉम्प्रेसर पाऊण तास चालू होता. दाबलेली दमट हवा टाकीत गरम असते, नळीत येऊन गार होते आणि तिथं पाणी सुटतं. माझा वॉटर ट्रॅप, म्हणजे हवेतलं पाणी अडवणारी कुपी, कॉम्प्रेसरजवळ आहे, म्हणजे त्याच्यापुढे तीन मीटर नळी. बाहेरची दमट हवा आणि नळीतलं पाणी, दोन्ही फिनच्या वाट्याला आलं. पिवळ्या दिव्याखाली मला ते दिसलं नाही आणि सकाळी न बघताच त्यावर मॅट मारून मी तो दोष आत बंद केला. ग्लॉसचे पुढचे दोन हात त्यावरच चढले.

आठ चमचे

मॉडेलवर आणखी एकही प्रयोग करायचा नाही असं ठरवलं. प्लास्टिकचे आठ चमचे आणले, त्यांना प्रायमर आणि तोच हिरवा दिला, आणि प्रत्येकाच्या दांड्यावर आकडा घातला. चमच्याची पाठ विमानाच्या अंगासारखी गोलाकार असते आणि त्यावर प्रकाश कसा सरकतो ते लगेच दिसतं. सपाट कार्डावर हे कळत नाही.

पहिला चमचा ८५ टक्क्यांत, साधा थिनर, ओला हात. तीन मिनिटांत पांढरा. जी गोष्ट मी आठवडाभर समजून घ्यायला धडपडत होते, ती डोळ्यांसमोर, मधोमध सुरू होऊन कडेकडे पसरत गेली. दुसरा त्याच हवेत, पण रिटार्डर असलेल्या मिस्टर लेव्हलिंग थिनरनं. हा सावकाश उडतो, म्हणून पृष्ठभाग तितका थंड होत नाही आणि दव बसलंच तरी पाणी निघून जाईपर्यंत थर ओला राहतो. चमचा स्वच्छ राहिला, पण वाळायला वेळ लागला आणि त्यावर धुळीचे दोन कण बसले. तिसरा एसी ड्राय मोडवर दोन तास चालवून, २६ अंश आणि ५४ टक्क्यांत, साध्याच थिनरनं. काचेसारखा. इथं दवबिंदू १६ अंशांवर उतरलेला असतो, तेवढा थंड थर होतच नाही.

चौथा, पाचवा, सहावा आणि सातवा मॅटसाठी. न ढवळता वरचा भाग मारला तर अर्धवट चकचकीत, तळचा मारला तर पीठ. सातव्यावर नीट ढवळलेला मॅट जाड, ओला मारला, तर कडेनं पांढरी किनार. सहाव्यावर दोन मिनिटं काडीनं ढवळून, १५ सेंटिमीटरवरून, धुक्यासारखे दोन हलके हात, मध्ये दहा मिनिटं थांबून. हा चमचा बघून मला बरं वाटलं. हिरवा हिरवाच होता, फक्त त्यावरचा दिवा विझल्यासारखा.

आठव्यावर मी मुद्दाम ब्लशिंग घडवलं, त्यावर मॅट मारला, आणि दुसऱ्या दिवशी वरून नुसता लेव्हलिंग थिनर अगदी हलका फवारला. थर परत मऊ झाला, पोकळ्या मिटल्या आणि पांढरं गेलं. तिन्ही थर एकाच घराण्यातले असल्यामुळे हे जमलं. वरचा मॅट पाण्यावरचा असता तर थिनर त्याच्यातून नीट खाली पोचला नसता, आणि मला फिन खरवडून पहिल्यापासून करावा लागला असता.

दुरुस्ती

एक अडचण मात्र चमच्यांनी सोडवली नाही. लॅकर थिनर फवारायचा म्हणजे वाफा बाहेर काढायला पंखा हवा, आणि पंखा खोलीतली हवा बाहेर ढकलतो तितकीच बाहेरची दमट हवा दाराच्या फटीतून आत येते. दोन तास एसी लावून मिळवलेले ५४ टक्के दहा मिनिटांत ७० च्या पुढे जायचे. पंखा बंद ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. मी सेंद्रिय वाफांचा मास्क लावते तरी घरात माझी मुलगी आहे, आणि या वाफा पेट घेतात. देवघरातली समई शांत होईपर्यंत मी एअरब्रश हातात घेत नाही. शेवटी काम तुकड्यांत केलं. एसी, मग चार मिनिटं पंख्यासह फवारणी, मॉडेल झाकणाच्या डब्यात, पंखा आणखी दहा मिनिटं, मग परत एसी. डब्यात सिलिका जेल ठेवलं होतं. एअरब्रशच्या अगदी जवळ नळीला दुसरा छोटा ट्रॅप जोडला, आणि पहिल्याच दिवशी त्यात पाण्याचा थेंब दिसला.

सुरुवात क्रमांकापासून केली, कारण खालचा थर आधी. इन्सुलिनच्या सिरिंजची सुई घेऊन चंदेरी डागांवर बारीक टोचे मारले, भिंगाखाली, प्रत्येक डागात पाच-सहा. टोचा वरच्या क्लिअरमधून आणि पापुद्र्यातून आरपार जायला हवा, पण खालच्या रंगात शिरायला नको. मग त्यावर मायक्रो सोल ब्रशनं सोडलं. ते डीकल मऊ करतं, पापुद्रा खाली बसतो आणि हवा टोच्यांतून निघते. पहिल्या रात्री निम्मे डाग गेले. तीन रात्री हेच केलं. चौथ्या दिवशी टॉर्च कसाही धरला तरी एकच डाग दिसत होता, तोही एका आकड्याच्या पोटात. तो मी सोडून दिला. आणखी टोचलं असतं तर आकडाच फाटला असता.

फिनवर लेव्हलिंग थिनर, १२ पीएसआय, १५ सेंटिमीटरवरून, तीन वेळा, मध्ये पाच-पाच मिनिटं. थर ओला दिसला की हात मागे घ्यायचा, ओघळ येऊ द्यायचा नाही. दुसऱ्या हातानंतर फिनच्या मुळाशी हिरवा रंग दिसायला लागला. धुकं वरवर सरकत गेलं आणि तिसऱ्या हाताला शेंड्यावरून निघून गेलं. तिथं केशरी-पांढऱ्या-हिरव्या पट्ट्यांचं डीकल आहे, आणि तीव्र थिनर डीकलला सुरकुती पाडतो हे माहीत असल्यामुळे मी त्यावर मास्क लावला होता. मास्कच्या एका कोपऱ्याखाली थिनर शिरलाच. हिरव्या पट्ट्याच्या खालच्या टोकाला तांदळाच्या कणीएवढी सुरकुती पडली. ती तिथं आहे.

पंखाचं काम सगळ्यात सोपं झालं. दोन हलके ग्लॉस, पूड बुडाली, पॅनेल लाइनमधल्या पांढऱ्या रेघा गेल्या. मग पूर्ण मॉडेलवर, पोट मास्क करून, नव्या बाटलीतला मॅट सहाव्या चमच्यासारखा. हे सगळं संपलं तेव्हा श्रावण लागून आठवडा झाला होता.

नाशिक

सोहळ्याच्या दिवशी सकाळी, पाहुणे यायच्या आधी, मी डबा मामासमोर ठेवला. त्यानं विमान हातात घेतलं नाही, आधी डबाच फिरवून सगळ्या बाजूंनी बघितलं. मग दोन बोटांनी पोटाखालून उचललं. नाकाचा शंकू, हवा आत घेणारं तोंड, चाकांची दारं, सगळ्यावरून त्याची नजर सावकाश फिरत होती, आणि प्रत्येक दारापाशी तो काहीतरी पुटपुटत होता. बहुतेक त्यांचे जुने नंबर असावेत. फिनपाशी तो थांबला. नखानं नाही, बोटाच्या मऊ भागानं त्यानं पट्ट्याचा खालचा कोपरा चाचपला.

“इथं काहीतरी झालं होतं.”

“हो मामा. पावसानं.”

“मग काढलंस कसं?”

मी पिशवीतून चमचे काढले. ते सोबत का घेतले होते, मलाही नीट सांगता येणार नाही. त्यानं चष्मा पुसला, खिडकीपाशी खुर्ची ओढली आणि आठही चमचे एकेक करून उजेडात कलते धरले. पहिला बघून मान हलवली. तिसरा बराच वेळ बघितला. बाहेर मांडववाले दोरी बांधत होते आणि मामी आतून त्याला कपडे बदलायला हाका मारत होती. मामानं सहावा चमचा वेगळा काढला, विमानाच्या पंखाला लावून बघितला, आणि उरलेले सात मला परत दिले.